शाईचं बोट, शाईचा अंगठा

२० मे २०२४ ला ठाण्यात मत दिलं आणि २३ तारखेला विमानात बसले. रांगेत साडेतीन तास उभं राहून मिळवलेली ती शाई इस्तंबूलमार्गे मेक्सिको सिटीला पोचली तेव्हा नखावर चांगलीच चढली होती. पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीने बोटाकडे पाहिलं आणि चेहरा वाकडा करून दार आपटल्याची खूण केली. तिला वाटलं, बोट दारात चेमटलंय. मी पेटीत चिठ्ठी टाकल्याचा अभिनय केला. ती हसली, स्वतःचा अंगठा वर केला आणि दोन बोटं दाखवली. पुढे मुलाने सांगितलं तेव्हा कळलं: २ जून. त्यांची निवडणूक त्या दिवशी होती आणि तिथे शाई अंगठ्याला लावतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. म्हणजे बत्तीस वर्षं निवडणूक ड्युटी केली. मतपत्रिकेच्या घड्या, लाखेची सीलं, नंतर कंट्रोल युनिट, मॉक पोल, रात्री दहाला साहित्य जमा करायच्या टेबलावरची झुंबड, हे सगळं अंगात मुरलेलं. त्यामुळे मुलाकडे पाच महिने राहायला गेले ती पिरॅमिड बघायला, पण लक्ष लागलं ते मतदान केंद्राकडे.

मुलाचं घर नार्वार्ते नावाच्या वस्तीत. सकाळी भंगारवाल्याची गाडी येते, तिच्या भोंग्यावर एका लहान मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज गाद्या, फ्रिज, जुनं लोखंड मागत फिरतो. अख्ख्या शहरात तोच आवाज, तीच चाल. मे महिना त्यांना फार जड गेला होता. २५ तारखेला शहराचा पारा ३४.७ अंशांवर गेला, तो तिथला विक्रम. ठाणेकराला हसू येईल, पण तिथल्या घरांत पंखेच नसतात. पाण्याचीही ओढ होती. शहराला बाहेरून पाणी आणणाऱ्या कुत्सामाला योजनेची धरणं तळाला गेलेली आणि जो तो ‘शून्य दिवस’, म्हणजे नळ कोरडे पडायचा दिवस, कधी उजाडणार याची चर्चा करत होता. पाण्याच्या टँकरला तिथे ‘पिपा’ म्हणतात. आपलं पिंप पोर्तुगिजांकडून आलं, हे वर्गात अनेकदा सांगितलं होतं. त्याची ही भावंडं दारात उभी असलेली पाहून उगाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पहिल्या रविवारी सोकालोला गेलो. एका बाजूला कॅथेड्रल, एका बाजूला राष्ट्रीय प्रासाद, मधे प्रचंड चौक आणि चौकात तंबूच तंबू. शिक्षकांचे! सीएनटीई या शिक्षक संघटनेने १५ मेपासून, म्हणजे त्यांच्या शिक्षकदिनापासून, तिथे ठिय्या दिला होता. कुठे डाळीसारखं काही शिजतंय, कुठे बाई विणकाम करतायत, दोरीवर कपडे वाळतायत. मागण्या काय, म्हणून मुलाला विचारायला लावलं. त्यातली मोठी मागणी २००७ चा पेन्शन कायदा रद्द करण्याची. मी मुलाला म्हटलं, अरे, ही तर आपली जुनी पेन्शन! मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आम्ही निवृत्त मंडळीही कलेक्टर कचेरीसमोर जाऊन बसलो होतो. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्या बायांनी मला ‘माएस्त्रा’ म्हणायला सुरुवात केली आणि घोंगडीवर बसवून घेतलं. माएस्त्रा म्हणजे आपलं ‘बाई’. पेन्शन मिळते का, असं त्यांनी विचारलं. मिळते म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, त्याचं भाषांतर लागलं नाही.

मुलगा मात्र मला सभांना जाऊ देईना. परक्या नागरिकाने राजकारणात पडू नये, असं त्यांच्या घटनेच्या ३३ व्या कलमात आहे आणि तो ते कलम दिवसातून दोनदा ऐकवायचा. त्यामुळे २९ मेच्या समारोपाच्या सभा टीव्हीवर पाहिल्या. सत्ताधारी मोरेना पक्षाच्या क्लॉडिया शेनबाम सोकालोत बोलल्या. त्याच दिवशी गेरेरो राज्यातल्या कोयुका दे बेनितेझ गावात महापौरपदाच्या उमेदवाराला त्याच्या शेवटच्या सभेत, लोकांशी हात मिळवत असताना, गोळ्या घातल्या. बातमी लागली तशी सूनबाईने आवाज बारीक केला. त्या प्रचारात तीसहून जास्त उमेदवार मारले गेले, बहुतेक गावपातळीवरचे. आम्हीसुद्धा ड्युटीवर जाताना घाबरायचो, पण ती भीती मशीन बंद पडण्याची असायची.

खालच्या मजल्यावर एक सेन्योरा राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. मला थोडं स्पॅनिश आणि त्यांना थोडं इंग्रजी येतं, बाकीचं हातवाऱ्यांवर. त्यांची आई १९५५ साली पहिल्यांदा मतदानाला गेली, तेव्हा त्या आईचा हात धरून गेल्या होत्या. मेक्सिकोत बायकांना राष्ट्रीय मताधिकार १९५३ ला मिळाला. आणि आता दोन मुख्य उमेदवार, दोन्ही बायका. तिसरे आल्वारेझ मायनेझ होते, पण त्यांचं नाव सेन्योरांच्या घरात कोणी घेत नसे. सेन्योरा विरोधी आघाडीच्या सोचिल गाल्वेझ यांच्या बाजूच्या, नातू शेनबामबाईंचा. गाल्वेझ यांच्यामागे पान, पीआरआय आणि पीआरडी, म्हणजे जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारे तीन पक्ष. कोण कोणाबरोबर गेलं हे नातवाने मला समजावून सांगायला घेतलं, तर म्हटलं, राहू दे रे, मी महाराष्ट्रातून आलेय.

तर २ जून, रविवार. आमच्या गल्लीतलं केंद्र एका घराच्या गॅरेजमध्ये होतं. गाडी बाहेर काढून आत चार टेबलं आणि पुठ्ठ्याचे आडोसे. मी पलीकडच्या फुटपाथवर स्टुलावर बसले आणि कलम ३३ पाळत दिवसभर नुसतं बघितलं.

मला पहिला धक्का बसला तो कर्मचारी पाहून. तिथे सरकारी नोकर नव्हताच. टेबलामागे कोपऱ्यावरचा दंतवैद्य, एक गृहिणी, आणि सेन्योरांचा नातू! तिथे शिक्षकांना किंवा तलाठ्यांना पकडून नेत नाहीत. निवडणूक संस्था, आयएनई, जन्ममहिन्याची सोडत काढते, त्यातून आडनावाच्या अक्षराने माणसं ठरतात, मग घरोघर जाऊन त्यांना शिकवतात. देशभरात एक लाख सत्तर हजार केंद्रं आणि ती सगळी अशी शेजाऱ्यांनी चालवायची. नातवाला दोन वेळा प्रशिक्षण झालं होतं आणि तो वहीत लिहून आणलेलं पुन्हापुन्हा वाचत होता. माझी पहिली ड्युटी आठवली. मीही तळहातावर फॉर्मचे नंबर लिहून घेतले होते.

आठला सुरू व्हायचं ते पावणेनऊला झालं. (आमच्या झोनल ऑफिसरने जीव घेतला असता.) प्रत्येकाला सहा मतपत्रिका: राष्ट्राध्यक्ष, सिनेट, खासदार, शहराचा प्रमुख, वॉर्डाचा प्रमुख, शहराची विधानसभा. खूण करायला बालवाडीतला असतो तसा जाड मेणाचा खडू. पेट्यांना पारदर्शक खिडक्या, मतदार ओळखपत्राला यंत्राने एक खाच, आणि शेवटी उजव्या अंगठ्याला शाई. ही शाई त्यांच्याच राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेतल्या रसायनज्ञांनी बनवलेली, जशी आपली म्हैसूरची.

सेन्योरा मत देऊन आल्या आणि तडक माझ्याकडे आल्या. माझा डावा हात हातात घेतला, माझ्या तर्जनीशेजारी आपला अंगठा धरला. त्यांचा डाग ताजा, ओला, तपकिरी. माझा तेरा दिवसांचा, नखाच्या मुळाशी गुलाबी रेघ दिसायला लागलेली. “तुमचा निकाल?” त्यांनी विचारलं. ४ जूनला, म्हटलं. “मत कधी दिलंत?” २० मेला. त्यांनी बोटं मोजली, पंधरा दिवस. “मग इतके दिवस ती मतं असतात कुठे?” मी स्ट्राँग रूम, सील, पहारा, सीसीटीव्ही हे सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण ती मान पटल्याची नव्हती.

त्यांचा संशय कुठून येतो हे नातवाने नंतर सांगितलं. १९८८ च्या निवडणुकीत रात्री मोजणी चालू असताना ‘सिस्टीम बसली’ असं जाहीर झालं आणि ती उठली तेव्हा पीआरआयचे सालिनास पुढे होते. पीआरआय तोवर साठ वर्षं सत्तेवरून हललेली नव्हती. पुढे २००० साली हलली, तोवर एकूण एकाहत्तर. शेजाऱ्यांनी मोजायचं, सोडत काढायची, फोटोचं ओळखपत्र, हे सगळं १९८८ नंतर लढून मिळवलेलं. १९८८ ला गृहमंत्री असलेले बार्तलेत २०२४ मध्ये मोरेनाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांच्या सरकारात वीज कंपनीचे प्रमुख होते, हेही सेन्योरांनी मुद्दाम नातवासमोर सांगितलं. नातू पाणी आणायला उठला.

सहाला दार बंद. आणि मग मी जे बघितलं ते बत्तीस वर्षांत बघितलं नव्हतं. तिथेच, त्याच टेबलावर मोजणी. पेटी उलटी केली, रिकामी आहे हे पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवलं, ढीग घातला आणि दंतवैद्य एकेक मतपत्रिका उघडून मोठ्याने वाचू लागला. गॅरेजचं दार अर्धं उघडं, आवाज रस्त्यावर येत होता. मधेच तो थांबला. एका पत्रिकेवर कुठल्याच पक्षावर खूण नव्हती, रिकाम्या जागेत एका मुलाचं नाव लिहिलेलं होतं. मेक्सिकोत एक लाखाहून जास्त माणसं बेपत्ता आहेत, आणि त्यांना शोधणाऱ्या आयांनी त्या वर्षी आवाहन केलं होतं की उमेदवाराऐवजी बेपत्ता माणसाचं नाव लिहा. दंतवैद्याने ते नाव वाचलं. गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. मग ती पत्रिका वेगळी ठेवली.

सहा ढीग संपायला रात्रीचे साडेदहा झाले. मग एक मोठा कागद आकडे भरून भिंतीला चिकटवला. त्याला ते ‘साबाना’ म्हणतात, म्हणजे चादर. येणारा-जाणारा थांबून चादर वाचत होता, फोटो काढत होता. आमच्या गल्लीच्या चादरीवर गाल्वेझबाई पुढे होत्या. सेन्योरांनी मला गोड पाव आणि चॉकलेट पाजलं.

मध्यरात्रीच्या सुमारास आयएनईच्या अध्यक्षा ग्वादालुपे तादेई टीव्हीवर आल्या. जलद मोजणीचा अंदाज: शेनबाम ५८.३ ते ६०.७ टक्के. नंतरचा आकडा साठाच्या जरा खाली स्थिरावला आणि गाल्वेझ साडेसत्तावीसवर थांबल्या. खालून सेन्योरांचा टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. आमच्याकडे चालू होता. शेनबाम म्हणाल्या, मी एकटी आलेली नाही, आपण सगळ्या आलोय. सूनबाई डोळे पुसत होती. खरं सांगायचं तर मीही.

जून-जुलै पावसात गेले. रोज दुपारी चारला ढग, पाचला गारा, सातला स्वच्छ. फार सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्टमध्ये मात्र खालच्या घरात भांडणं सुरू झाली. सेन्योरांची मुलगी, नातवाची आई, संघराज्याच्या न्यायालयात कारकून. लोपेझ ओब्राडोर यांनी ५ फेब्रुवारीलाच घटनादुरुस्त्यांचं गाठोडं मांडलं होतं, त्यातली एक म्हणजे सगळे न्यायाधीश, अगदी सर्वोच्च न्यायालयाचेसुद्धा, लोकांनी मतदानाने निवडायचे. आता तेवढं बळ हाताशी आलं. खासदारकीची मतं पंचावन्न टक्क्यांच्या आसपास, पण मोरेनाच्या आघाडीला पाचशेपैकी ३६४ खासदार. मुलगी संपावर गेली. १० सप्टेंबरला आंदोलक सिनेटच्या सभागृहात घुसले, तेव्हा सिनेटरांनी शिकोतेंकात्ल रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत बैठक हलवली आणि पहाटेपर्यंत ८६ विरुद्ध ४१ ने मंजूर करून टाकलं. ८६ हाच नेमका लागणारा आकडा, आणि तो विरोधी पानच्या एका सिनेटरच्या मतामुळे भरला. १५ तारखेला राजपत्रात आलंसुद्धा.

न्यायाधीशाने मत मागायला दारात यावं हे माझ्या पचनी पडलं नाही, तसं मी नातवाला म्हटलं. “माएस्त्रा,” तो म्हणाला, “आता ते कोणाच्या दारात जातात, ते तुम्हाला माहीत नाही.” आईने ताट आपटलं. मला दोघांचंही खरं वाटत होतं आणि दोघांचीही काळजी वाटत होती. २ जूनला गॅरेजमध्ये इतक्या मायेने मोजलेल्या त्या कागदांतूनच हे निघालं होतं, यावर मी आजही अडखळते.

१ ऑक्टोबरला शेनबामबाईंचा शपथविधी. पूर्वी तो १ डिसेंबरला असे. राष्ट्राध्यक्षपदाचा पट्टा हातात देण्याचं काम संसदेच्या अध्यक्षा, वयोवृद्ध इफिहेनिया मार्तीनेझ यांचं होतं. त्यांना श्वास घ्यायला जड जात होतं, तरी त्या आल्या. चार दिवसांनी वारल्या. सेन्योरांनी तो कार्यक्रम बघणार नाही असं जाहीर केलं होतं, पण पट्टा देताना त्या दारात उभ्या राहून बघत होत्या, बसल्या नाहीत इतकंच.

निघण्याआधी मुलाने शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या वाड्यात नेलं. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांचं तिथे तेव्हा नुकतंच संग्रहालय केलं होतं. एका चित्रात जेवणाच्या टेबलाशी, मधोमध, भाकरी मोडणारा माणूस आहे तो आपल्या वर्ध्याचा: डॉ. पांडुरंग खानखोजे. इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीचे क्रांतिकारक, इंग्रजांमुळे घरी परतता येईना म्हणून मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे आणि चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवणारे. मास्तरच. पाचवीच्या वर्गाला मी त्यांच्याबद्दल सांगायचे, पण चित्र कधी दाखवता आलं नव्हतं. फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. सतरा जणांनी नमस्काराचे हात पाठवले, एकाने विचारलं, भाकरी ज्वारीची का?

दिवाळीला घरी आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. नखावरची जुनी शाई कधीच वाढून कापली गेली होती, त्याच बोटाला नवी लागली. बाहेर येऊन फोटो काढला आणि सेन्योरांना पाठवला. तिकडे पहाट झाली नसेल, पण त्या जाग्या होत्या. अंगठा आला, मग प्रश्न: चादर दाराला किती वाजता लावतात?

मी लिहिलं, तीन दिवसांनी, आणि दाराला नाही. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग थांबलं.