हल्ली भूकच लागत नाही
मी भूलतज्ज्ञ. त्या दिवशी यादीत पहिलं नाव पित्ताशयातल्या खड्यांच्या पेशंटचं होतं. दुर्बिणीतून करायचं, आधीच ठरलेलं ऑपरेशन, घाई कसलीच नाही. आठवड्यापूर्वी मीच त्यांना तपासलं होतं. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" विचारल्यावर त्यांनी बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली. कोणती सकाळी घ्यायची, कोणती नाही, 8 तास उपाशी, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल, सगळं सांगितलं. त्यांनी ते काटेकोर पाळलंही.

थिएटरबाहेर सिस्टर मनगटावरची पट्टी, संमतिपत्र पडताळत होत्या. "उपाशी राहून त्रास नाही ना झाला?" त्यांनी सहज विचारलं.

"छे! हल्ली भूकच लागत नाही मला."

सिस्टरांनी ते तिथेच सोडलं असतं तरी कुणी बोल लावला नसता. पण त्या आत आल्या. "मॅडम, जरा बोलून घ्या त्यांच्याशी."

बोलले. वजन आणि शुगरसाठी आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन सुरू झाल्यापासून भूक मेली होती. मात्रा नुकतीच वाढवलेली, शेवटचा डोस परवाचा. "मग सांगितलं का नाही?" अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. मी गोळ्याच विचारल्या होत्या ना!

सेमाग्लुटाइडच्या जातीची ही औषधं जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. उपास पाळूनही पोट भरलेलं राहू शकतं, आणि भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. 2023 मध्येच अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने याबद्दल सावध केलं होतं. मी ते वाचलंही होतं. तेच जास्त लागलं.

सोनोग्राफीचं मशीन मागवलं. त्यांना उजव्या कुशीवर वळवून पाहिलं, तर जठरात चक्क घट्ट अन्न. हात धुवायला निघालेल्या सर्जनना स्क्रीन दाखवली. कपाळावर आठी आली, मग म्हणाले, "आज नको."

पेशंट वैतागले. साहजिकच होतं, नियम तर सगळे पाळलेले. त्यांना स्क्रीनवरचं चित्र दाखवलं, चूक माझ्या प्रश्नात होती हेही सांगितलं. मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून इंजेक्शन पुढे ढकललं आणि आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगितले.

दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. जठर रिकामं. टेबलवर आडवं होता होता ते म्हणाले, "डॉक्टर, आज मात्र सपाटून भूक लागलीय."