वजन खाली, वजन पुढे : एका छोट्या रॉक क्रॉलरची जडणघडण

रिमोटवर चालणारी गाडी म्हटले की बहुतेकांना मैदानात भरधाव पळणारी, उंचवट्यावरून उड्या मारणारी गाडी आठवते. रॉक क्रॉलर हा प्रकार नेमका उलट स्वभावाचा आहे. ही गाडी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश चालते आणि तिचे सगळे कसब खडकाच्या कडेवर एक चाक टेकवून, दुसरे हवेत ठेवून, न कलंडता वर जाण्यात असते. माझी गाडी ॲक्सियल या कंपनीच्या एससीएक्स२४ मालिकेतली, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक चोविसांश आकाराची आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे १३४ मिलिमीटर आणि रुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर असल्यामुळे ती तळहातावर मावते. तिच्यात बदल करत असताना माझे एक मत पक्के होत गेले, ते असे की या आकाराच्या गाडीत मोटरची ताकद वाढवण्याआधी प्रत्येक ग्रॅम कुठे बसला आहे याचा हिशोब मांडावा.

हा छंद अमेरिकेतला आहे आणि त्याचे मूळ खऱ्या जीपगाड्यांत आहे. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेल आणि युटा राज्यातील मोआबचे वालुकाश्म या ठिकाणी मोठ्या गाड्या खडकांवर चढवण्याचा खेळ रुजला, आणि त्याच्या पाठोपाठ रिमोटच्या गाड्याही आल्या. सुरुवातीला हौशी मंडळी इतर गाड्यांचे भाग जुळवून स्वतःच क्रॉलर बांधत. २००७ मध्ये ॲक्सियलने एएक्स१० हा एक दशांश आकाराचा तयार संच बाजारात आणल्यावर मात्र हा प्रकार खऱ्या अर्थाने पसरला. एक चोविसांश आकार २०२० च्या आसपास लोकप्रिय झाला, आणि २०२२ च्या अखेरीस ट्रॅक्सास या कंपनीने टीआरएक्स-४एम ही एक अठरांश आकाराची गाडी आणल्यावर छोट्या क्रॉलरचे जगच वेगळे झाले. पुण्यातल्या सदनिकेत राहणाऱ्या माणसाला हाच आकार सोयीचा, हे वेगळे सांगायला नको.

लहान आकारामुळे भौतिकशास्त्राचे काही नियम नजरेत भरतात. लांबी २४ पट कमी झाली की घनफळ २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट कमी होते. दोन टनांची जीप तंतोतंत लहान केली तर तिचे वजन १४५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. प्रत्यक्षात मोटर, बॅटरी आणि स्क्रू यांच्यामुळे खेळातली गाडी त्याच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून पुढे जाते. गुरुत्वाकर्षण मात्र लहान होत नाही. त्यामुळे छोटी गाडी कलंडते ती इतक्या झटक्यात की बोटाला काही करायला वेळच मिळत नाही. हिशोबाने तिचा कलंडण्याचा काळ २४ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण ४.९ पट आखूड असतो. याचा एक गमतीचा उपयोग आहे. सेकंदाला १२० फ्रेमने चित्रीकरण करून ते २४ फ्रेमच्या गतीने पाहिले, तर ही गाडी अगदी खऱ्या जीपसारखी जडपणे डोलताना दिसते.

आता कलंडण्याचा हिशोब मांडतो. गाडी आडव्या उतारावर उभी असताना तिच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा खालच्या चाकांच्या बाहेर गेली की ती उलटते. चाकांची बाहेरून रुंदी दहा सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची पाच सेंटिमीटर धरली, तर ही मर्यादा बरोबर ४५ अंश येते. तीच उंची चार सेंटिमीटरवर आणली तर मर्यादा ५१ अंशांपर्यंत जाते. चढावर पाहिले तर चित्र आणखी बोलके आहे. वजन पुढे आणि मागे निम्मे निम्मे असेल आणि उंची पाच सेंटिमीटर असेल, तर गाडी ५३ अंशांच्या चढावर मागे उलटते. साठ टक्के वजन पुढच्या ॲक्सलवर आणि उंची चार सेंटिमीटर केली, तर तीच गाडी ६३ अंशांपर्यंत तग धरते. मोटर बदलून यातला एक अंशही मिळत नाही, आणि म्हणूनच पहिला पैसा मोटरवर घालू नये असे मी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगतो.

वजन खाली आणायचे तर आधी वरचे कमी करावे लागते, आणि ते फुकट होते. कडक प्लॅस्टिकची बॉडी दिसायला देखणी असते, पण तिचे छत, टपावरचे कॅरिअर, त्यावरचे खोटे डबे, मागे लटकवलेले जादा चाक हे सगळे नको तिथले ओझे आहे. पातळ पॉलिकार्बोनेटची, म्हणजे लेक्सनची बॉडी घातली की वरचा भार एकदम उतरतो. ती आतल्या बाजूने रंगवायची असते, म्हणजे दगडाला घासून रंग जात नाही. पाटी, दिवे, आरसे यांनी सजवलेली गाडी फोटोत छान दिसते आणि तसे करणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण टपावर सामान लादून वर गाडी चढत नाही म्हणून कुरकुर करणाऱ्यांचे मात्र मला नवल वाटते.

यानंतर पितळ. या छंदात पितळाला जे महत्त्व आहे त्याचे कारण त्याची घनता. पितळाची घनता एका घनसेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम. शिसे ११.३ ग्रॅमचे असले तरी ते मऊ आहे आणि विषारीही. पोलाद घनतेत पितळाच्या जवळपास येते, पण गंजते आणि कापायला जड जाते. बाजारात पुढच्या ॲक्सलचे नकल (ज्यांवर पुढची चाके वळतात ते सांधे), डिफरन्शिअलची (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीची) झाकणे आणि चाकांच्या आतली वजने असे पितळी भाग तयार मिळतात. चाकांच्या आतल्या रिंगा मात्र मी भोसरीत एका लेथवर करून घेतल्या. चोवीस मिलिमीटर बाहेरचा व्यास, अठरा मिलिमीटर आतला आणि दहा मिलिमीटर रुंदी अशी रिंग पितळात जवळपास १७ ग्रॅमची भरते. तीच ॲल्युमिनियममध्ये सव्वापाच ग्रॅमची झाली असती. बोहरी आळीत सळई घेताना दुकानदाराने सहज कापले जाणारे पितळ दिले. त्यात थोडे शिसे मिसळलेले असते, त्यामुळे त्याचा कीस लांब गुंडाळी न होता बारीक तुकड्यांत तुटतो आणि पृष्ठभाग स्वच्छ येतो. असे पितळ घरी कानशीने घासले तर हात धुवायला विसरू नये. रोज यंत्रांचे बुश काढणाऱ्या त्या टर्नरने हे कशासाठी म्हणून विचारले, गाडी हातात घेऊन पाहिली, आणि कडांना न सांगता हलका उतार देऊन रिंगा टायरला बोचणार नाहीत याची काळजी घेतली. अशा कामाची पारख असणारा माणूस भेटणे हा या छंदातला मोठा लाभ आहे.

वजन चाकात का घालावे, चॅसीवर का नाही, असा प्रश्न रास्त आहे. चाक हा गाडीचा सर्वांत खालचा भाग आहे आणि तिथले वजन स्प्रिंगवर येत नाही, त्यामुळे गाडी खाली बसत नाही. वेगवान गाडीत चाकांचे वजन घातक ठरते, कारण ते फिरवायला आणि थांबवायला ताकद लागते. इथे वेगच नसल्यामुळे तो दोष लागू होत नाही. पुढच्या चाकांत जड रिंगा आणि मागच्यांत हलक्या किंवा काहीच नाही, ही मांडणी मला सर्वांत पटली. पण पितळाचा मोह आवरावा लागतो. वजन वाढले की स्टिअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरला, जड चाके वळवावी लागतात, आणि गिअरच्या दात्यांवरही ताण येतो. मी पुढच्या बाजूला हळूहळू भर घालत गेलो आणि जिथे दोन दगडांच्या फटीत अडकलेले चाक सर्व्होला वळवता येईना तिथे थांबलो. पुढे धातूच्या गिअरचा थोडा मोठा सर्व्हो ॲक्सलवरच बसवला. त्याचे स्वतःचे वजनही योग्य जागी, म्हणजे पुढे आणि खाली आले. मोठा सर्व्हो अडला की जास्त विद्युतप्रवाह ओढतो आणि त्या क्षणी रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाला, मिळणारा विद्युतदाब घसरून गाडी गप्प होऊ शकते, म्हणून सर्व्होला पुरेसा प्रवाह देणारा नियंत्रक आहे ना, हे खरेदीआधी पाहून घ्यावे.

टायरच्या बाबतीत अमेरिकेतला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण खडक वेगळा आहे. मोआबचा कोरडा वालुकाश्म पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. आपला सह्याद्री आणि पुण्याच्या टेकड्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसॉल्टच्या आहेत. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो आणि खालचा भाग घट्ट, एकसंध. सच्छिद्र बेसॉल्टवर टायरचे खूर, म्हणजे त्यावरचे उंच ठोकळे, त्या भोकांत रुततात आणि गाडी चढते ती अविश्वसनीय वाटावी अशी. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीजवळ मात्र फोडलेल्या घट्ट दगडाचे गुळगुळीत पृष्ठभाग आहेत, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले की घर्षण जवळजवळ संपतेच. घर्षणांक एक असेल तर गाडी ४५ अंशांवर घसरू लागते. म्हणजे ५१ अंशांपर्यंत न कलंडणारी गाडी सपाट दगडावर त्याच्या आधीच घसरून खाली येते. वजनाचा हिशोब इथे संपतो आणि रबराचा सुरू होतो. छोट्या गाडीला खूप मऊ रबर आणि त्याहून मऊ फोम लागतो, कारण तिचे वजन इतके कमी की कडक फोम दबतच नाही आणि टायर दगडाला फक्त एका रेषेवर टेकतो. मी कारखान्याचा फोम काढून त्याचा घेर कात्रीने कमी केला, एवढ्यानेच गाडीचा फरक डोळ्यांना दिसला. हा सर्वांत स्वस्त बदल आणि, माझ्या मते, सर्वांत फायदेशीर. कोकणातल्या जांभ्यावर पकड उत्तम मिळते, पण तो टायर खातो आणि त्याची तांबडी धूळ प्रत्येक फटीत शिरते.

दोन्ही ॲक्सलचे डिफरन्शिअल पक्के जखडलेले असल्यामुळे एक चाक अधांतरी असले तरी दुसरे फिरत राहते. चढाईत हे वरदान आहे, वळताना शाप. आतले आणि बाहेरचे चाक सारख्याच वेगाने फिरत असल्याने वळणाचा घेर मोठा होतो. त्यावर उपाय म्हणून पुढच्या ॲक्सलचे गिअर बदलून पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरवतात, म्हणजे पुढचा भाग गाडीला वळणात ओढून नेतो. लांब लिंक, म्हणजे ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्या, घालून चाकांमधले अंतर वाढवता येते. त्याने चढावरची स्थिरता वाढते, पण पोट दगडाच्या माथ्यावर टेकण्याची शक्यताही वाढते, म्हणून मी माझ्या गाडीची लांबी आहे तशीच ठेवली आहे.

मोटरचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. या आकाराच्या गाड्यांत तारेच्या ८७ किंवा ८८ वेढ्यांच्या मोटरी येतात. वेढे जास्त म्हणजे त्याच विद्युतदाबाला फेरे कमी आणि जोर जास्त. पिनियनचा, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचा, एक दाता कमी केला तरी मोठा फरक पडतो. बारा दात्यांऐवजी अकरा घातले की वेग आठ टक्क्यांनी उतरतो आणि चाकावरचा जोर जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो. पिनियन आणि त्याने फिरणारा मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी धरून मोटर आवळावी आणि मग पट्टी काढावी, म्हणजे दात्यांमध्ये योग्य तेवढी फट राहते. धातूला धातू लागतो अशा स्क्रूंवर थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, थेंब हवा, पण लेक्सन आणि त्यासारख्या प्लॅस्टिकला तो लागू देऊ नये, कारण त्याने प्लॅस्टिक तडकते.

बॅटरी दोन सेलची, ७.४ व्होल्ट आणि ३५० मिलीअँपिअर-तासांची आहे, म्हणजे ऊर्जा जेमतेम २.६ वॉट-तास. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून जादा बॅटरी मागवायची असेल तर ती हातातल्या सामानातच ठेवायला सांगावी, सुट्या लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाहीत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो आणि तीन व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होऊ शकतो. गाडी बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत बॅटरी बंद मोटारीत ठेवू नये.

दिवाळीत आमच्या सोसायटीतली मुले माती-दगडांचा किल्ला करतात, आणि किल्ला मोडायच्या आदल्या दिवशी मावळे उचलून झाले की मला तिथे गाडी चालवायची परवानगी मिळते. ओल्या मातीची चढण ही खडकापेक्षा अवघड, कारण खुरांत माती भरली की टायर गुळगुळीत होतो. त्यानंतर घरी आल्यावर चाके काढून, जुन्या दातांच्या ब्रशने माती झाडून, ॲक्सलच्या टोकांचे बेअरिंग फिरवून पाहणे आणि टायरच्या फोममध्ये पाणी शिरले असेल तर ते पिळून काढणे एवढे काम उरते. पाणी राहिले तर पुढच्या वेळी एकाच बाजूचे चाक जड होते आणि गाडी त्या बाजूला झुकते. सध्या मागच्या शॉकच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा मऊ घालून पाहतो आहे. सपाट जमिनीवर त्याने मागची बाजू थोडी खाली बसते. चढावर त्याचा उपयोग किती होतो, हे पाऊस थांबून टेकडीवरचा दगड कोरडा झाला की तपासायचे आहे.