तांब्याची तार, तेलाचं भांडं आणि ०.०००३ चा घोळ

पदवीच्या प्रकल्पासाठी मी सगळ्यात सोपा विषय निवडला, असं मला वाटलं होतं. तांब्याची तार तापवायची, तिचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, किती वाढतो ते मोजायचं, आलेख काढायचा. दोन संध्याकाळींचं काम. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले.

०.२ मिलिमीटर जाडीची, इनॅमलचा लेप असलेली पंचवीस मीटर तार प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळली. हिशेबाने २० अंश सेल्सिअसला तिचा रोध १३.७ ओहमच्या आसपास यायला हवा. मल्टिमीटर लावला तर १४.५! खोली २७ अंशांवर होती, म्हणजे थोडा वाढणार हे धरलं तरी १४.१ च्या वर जायचं कारण नव्हतं. मग मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. मीटर ०.४ दाखवत होता. हा मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध, तो माझ्या तारेच्या खात्यात जमा होत होता. दोन क्लिपांमधून ठरलेला प्रवाह सोडायचा आणि तारेच्या टोकांवरचं व्होल्टेज वेगळ्या दोन क्लिपांनी मोजायचं, ही चार तारांची पद्धत पुस्तकात वाचून मी सोडून दिली होती. आता मुकाट्याने तीच केली.

पण तिथेही उत्साह नडला. व्होल्टेज मोठं दिसलं तर अचूक वाचता येईल म्हणून मी अर्धा अँपिअर सोडला. मीटरवर ७.०५ व्होल्ट आले. बघता बघता ७.१२, ७.२०, आणि मिनिटभरात ७.४. मी तर अजून काही तापवलंच नव्हतं! रिळाला बोट लावून पाहिलं, ते कोमट झालं होतं. साडेतीन वॅट त्या सात ग्रॅम तांब्यात मुरत होते आणि तार स्वतःच स्वतःला तापवत होती. प्रवाह ०.१ अँपिअरवर आणल्यावर ही उष्णता पंचविसाव्या हिश्श्यावर आली आणि १.४१ चा आकडा जागेवर स्थिरावला.

मग तेलाचं भांडं. रिळ तेलात बुडवलं, थर्मामीटर शेजारी, खाली हीटर. तापवताना एक ओळ मिळाली आणि थंड होताना वेगळीच, पहिल्या ओळीच्या वर. तेल तापलं तरी रिळातले आतले थर मागे राहायचे, उतरताना तेच थर उशिरा निवायचे. थर्मामीटर तेलाचं तापमान सांगत होता, तारेचं नाही. इलाज एकच: सतत ढवळत राहायचं आणि दर पाच अंशांवर थांबायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत. एका फेरीला चार तास. हात दुखायचा, पण दोन्ही ओळी अखेर एकमेकींवर बसल्या. २७ अंशांना १४.१० ओहम, ८० अंशांना १६.९५, आणि मधले ठिपके पट्टी लावावी तसे सरळ.

आता खरा घोळ. रोध दर अंशाला मूळ रोधाच्या कितव्या भागाने वाढतो, तो तापमान गुणांक काढायचा होता. ओळ शून्य अंशापर्यंत मागे नेली, तिथे रोध १२.६५ आला, उतार ०.०५३८. भागाकार ०.००४२५. पुस्तकात तांब्यासाठी ०.००३९३. फरक ०.०००३ च्या आसपास, म्हणजे आठ टक्के! दोन दिवस मी क्लिपा घासल्या, थर्मामीटर बर्फात घालून तपासला, तारेत भेसळ असेल असाही संशय घेतला. शेवटी सरांनी वही पाहिली आणि विचारलं, "कोणत्या तापमानाचा रोध मूळ धरलास?"

"शून्य अंशाचा."

"आणि पुस्तकाने?"

तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात '२० अंशांना' असं छापलेलं होतं. मी १२.६५ ऐवजी २० अंशांच्या १३.७२ ने भागलं आणि ०.००३९२ आले. तार पहिल्यापासून बरोबर होती. तक्त्याखालची अक्षरं इतकी बारीक का छापतात, याचा राग मला अजून आहे.

ती ओळ मी पेन्सिलने आणखी डावीकडे लांबवली. रोध शून्य होतो ती जागा आली उणे २३५ अंशांजवळ. ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींची गुंडाळी आतून किती तापली हे काढायच्या सूत्रात २३४.५ हा आकडा असतो, तो इथला. थंड आणि गरम रोध मोजले की थर्मामीटर आत न घालता तापमान कळतं. मात्र त्या जागी तांब्याचा रोध खरोखर शून्य होत नाही. अणूंची थरथर कमी होते तसा रोध उतरतो, पण फार थंडीत ओळ वाकते आणि अशुद्धींमुळे थोडा रोध उरतोच. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कामरलिंग ऑनेस यांना रोध अचानक नाहीसा झालेला दिसला तो पाऱ्यात, शून्याखाली २६९ अंशांवर.

शेवटच्या दिवशी तुलनेसाठी कॉन्स्टंटनची तार त्याच तेलात सोडली. या तांबे-निकेलच्या मिश्रधातूत अणूंची मांडणी मुळातच विस्कळीत, इलेक्ट्रॉन आधीच अडखळत असतात, उष्णतेने त्यात विशेष भर पडत नाही. हे मला पाठ होतं. तरी ७० अंशांपर्यंत मीटरवरचा आकडा हलेना, तेव्हा क्लिप सुटली की काय म्हणून मी दोनदा तेलात बोट घालता घालता राहिलो.