रंग काढण्यापासून रंग राखण्यापर्यंत: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो रंगकामाचा. जुनी मोटारसायकल यायची, आम्ही टाकी उतरवायचो, रंग खरवडून पत्रा उघडा करायचो, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरून घासायचो, मग प्रायमर, रंग आणि वर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर. आज येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा मूळ रंग आम्ही काढतच नाही. आमची वाटचाल म्हणाल तर एवढीच. जागा वाढली, माणसं वाढली, ते काय सगळ्यांचंच होतं.

हे वळण कामातूनच आलं. वापरलेली गाडी घेतलेला माणूस ‘पूर्ण रंग मारून द्या’ म्हणत यायचा. टाकी नीट धुऊन उजेडात धरली की दिसायचं, रंगाला काही झालेलंच नाही. मळला होता तो वरचा पारदर्शक थर. धुळीवरून वर्षानुवर्षं कोरडं फडकं फिरलं की त्यावर बारीक रेघांचं जाळं उठतं, प्रकाश विखुरतो आणि काळी टाकी राखाडी वाटू लागते. अशी टाकी खरवडायची म्हणजे चांगला रंग फेकून देणं. कंपनीच्या भट्टीत पक्का झालेला रंग आमच्या फवाऱ्याच्या गनमधून परत येत नाही, हे रंगारी म्हणूनच सांगतो.

म्हणून रंग न काढता पॉलिश करू लागलो. पण पॉलिश म्हणजेही घासणंच. तो पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. म्हणून आम्ही रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेतलं आणि कामाची पद्धतच बदलली. लोखंडी पत्र्यावर आणि ॲल्युमिनियमवर ते चालतं. प्लॅस्टिकच्या साइड पॅनेलवर आमचं यंत्र मुकं, तिथे हात आणि नजर. मूळ रंग असेल तर सगळे थर मिळून आकडा बहुधा शंभर ते दीडशेच्या आत राहतो. एखाद्या जागी तो पाचशेवर गेला, तर खाली लांबी आहे, गाडी कधीतरी आपटली आहे. विकणाऱ्याने सांगितलेलं आणि टाकीने सांगितलेलं जुळलं नाही, तर आम्ही टाकीवर विश्वास ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो धुण्यात. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, त्याला मशीन फिरताना बघायचं असतं. चेनचं तेल मागच्या रिमवर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटलेलं असतं. ते आधी निघालं नाही तर तेच काळं पुढे पॉलिशच्या पॅडवर येतं. ब्रेकची लोखंडी भुकटी रंगात रुतलेली असते. तिच्यासाठीचं द्रावण मारलं की जांभळे ओघळ सुटतात. उरलेली कचकच क्ले, म्हणजे मळलेल्या मातीसारखी मऊ वडी, फिरवून काढायची. प्रेशरचा पाइप चाकाच्या बेअरिंगवर आणि स्विचवर धरायचा नाही, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

मग एका कोपऱ्यात चाचणी: सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड. तेवढ्याने भागलं तर कंपाऊंडचा, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशचा, डबा उघडायचा नाही. मोटारसायकलवर सपाट जागा फार कमी. टाकीच्या कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो, म्हणून कडांवर टेप लावतो आणि तिथे शेवटी हाताने पॉलिश करतो. जुनं गोल फिरणारं बफिंग मशीन आता क्वचित निघतं. डोलत फिरणारं, लहान पॅडचं मशीन हळू काम करतं, पण रंग फारसा तापवत नाही. जुन्या, लॅकर नसलेल्या गाडीचा रंग पॅडवर उतरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लॅकर असलेल्या गाडीवर मात्र पॅडला रंग दिसला की मशीन तिथेच बंद.

काही गोष्टींना आम्ही सरळ नाही म्हणतो. नख अडकेल इतकी खोल रेघ पॉलिशने जात नाही. पेट्रोल सांडून टाकीच्या झाकणाभोवती लॅकर फुगलं असेल, तर तिथे रंगकामच हवं. मॅट रंगाला पॉलिश लावलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. स्टिकर लॅकरच्या वर असेल तर त्यावरून मशीन नाही.

कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराबद्दल, रोज विचारणा होते. आम्ही करतो, पाणी आणि चिखल लवकर निघतो हे खरं. पण डब्यावरचा ‘नऊ एच’ हा पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे. उडालेला खडा त्याला जुमानत नाही. आणि कोटिंगआधी अल्कोहोल मारून पुसतोच. काही पॉलिशमधली तेलं रेघा नुसत्या बुजवतात. ती पुसली गेल्यावर जे दिसतं तेच आमचं खरं काम.

रंगाची खोली आजही आहे. गंज आतून पत्रा खाऊन वर आला किंवा लॅकरचे पापुद्रे निघाले, की तिचा दरवाजा उघडतो. थर कडक करणारं हार्डनर मिसळलेल्या लॅकरमधली आयसोसायनेट नावाची रसायनं श्वासात जाणं धोक्याचं, म्हणून बाहेरून हवा येणारा मास्क घातल्याशिवाय गन कुणाच्या हातात देत नाही.

काम झालं की प्रत्येक भागाचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर लिहून गाडीसोबत देतो. काहीजण तो कागद न वाचताच सीटखाली टाकतात. गाडी पुढच्या मालकाकडे गेली आणि पॉलिशला पुन्हा आली, तर आम्ही आधी तो कागद मागतो.