घागर तडकते ती नेमकी कशानं

उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर आला की रंगीत घागरींची रांग लागते आणि कुणीतरी म्हणतंच, पहिल्यासारखं प्लास्टिक राहिलं नाही बघा. मी वाळूजला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये, म्हणजे साच्यातून वस्तू काढायच्या कारखान्यात, काम करतो, म्हणून नीट सांगावंसं वाटतं, कारण प्लास्टिक तेच असतं हो, फरक असतो त्याच्या रेणूच्या साखळीच्या लांबीत आणि ते गार कसं केलं त्यात.

मेणबत्तीचं मेण आणि घागरीचं एचडीपीई (घागरी-बादल्यांचं जाड पॉलिथिन), दोन्हीत कार्बन-हायड्रोजनची तीच साखळी. मेणात एका साखळीत साधारण 20 ते 40 कार्बन, एचडीपीईत हजारो. शेवयांचा चुरा लगेच सुटा होतो पण लांब शेवया एकमेकीत अडकल्या की ओढून निघत नाहीत, तसंच हे, म्हणून मेण नखानं निघतं आणि घागर आपटली तरी टिकते. अजून लांब साखळी केली, 2 लाखांच्या वर कार्बन, की ते गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात वापरतात, पण मग ते वितळलं तरी वाहत नाही, वितळलेला माल दाबानं साच्यात भरणाऱ्या साध्या इंजेक्शन मशीनवर चालतच नाही.

आमच्याकडं साखळीची लांबी एमएफआयवरून, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्सवरून कळतं, वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा हा आकडा. 190 डिग्रीला 2.16 किलोच्या वजनाखाली 10 मिनिटात बारीक भोकातून किती ग्रॅम माल येतो ते मोजायचं. घागर फुगवून करतात, वितळलेली नळी मोल्ड बंद होईपर्यंत लटकून राहावी लागते, म्हणून साखळी लांब पाहिजे आणि एमएफआय एकच्या आत. बादली इंजेक्शनची, तिला पातळ माल लागतो, तिथं 8, 10, 18 असले आकडे. म्हणजे घागर आणि बादली दोन्ही एचडीपीईच्या, पण दाणा, म्हणजे कच्चा माल, वेगळा.

आता गार करणं, आणि माझ्या मते लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष यालाच करतात. हळू गार झालं की साखळ्यांना शिस्तीत घड्या घालून बसायला वेळ मिळतो, माल कडक होतो पण आकसतो पण जास्त आणि ठिसूळपणा वाढतो. पटकन गार केलं तर जिथं आहेत तिथंच अडकतात, माल जरा लवचिक राहतो. एकाच वस्तूत दोन्ही झालं की गडबड. घागरीचा बूड जाड, अंग पातळ, बूड हळू गार होतो, जास्त आकसतो, अंग ओढून धरतं, आणि तो ताण आत तसाच बसतो, मग तिथंच तडकायची भीती. मे महिन्यात मोल्ड गार करायचं टाकीतलं पाणीच तापलेलं, ते थंड करणारा चिलर नीट नसला आणि वर सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायचा वेळ, कमी करायलेत म्हटल्यावर माल गरम असतानाच बाहेर येतो न् रात्रीतून वाकडा होतो. आकसणं पुढचे एक-दोन दिवस चालूच असतं, म्हणून माप दुसऱ्या दिवशी घ्यावं.

पाण्याची पेट बाटली बुडाकडून बघा, मधल्या टिकलीभोवती कधीकधी पांढुरकं दिसतं. तिथं जाडी जास्त, हळू गार झालं, साखळ्या शिस्तीत बसून स्फटिक झाले. बाकीची बाटली काचेसारखी कारण ती झटक्यात गार केलीय. तिच्यात उकळतं पाणी ओतलं की ती आखडते, कारण फुगवताना ताणलेल्या साखळ्या साधारण 75 डिग्रीच्या पुढं मोकळ्या होतात आणि परत गोळा व्हायला बघतात.

राहिला भंगाराचा, परत वितळवलेला माल. दर वेळी मशीनच्या तापलेल्या बॅरलमधून (नळकांड्यातून) गेला की उष्णतेनं काही साखळ्या तुटतात, पॉलिप्रॉपिलीनच्या तर जास्तच, आणि आपल्या उन्हात ठेवलेल्या वस्तूच्या साखळ्या तर ऊनच तोडतं. ठिबकच्या नळीत म्हणूनच काळा कार्बन घालतात. रंगीत घागरीत तो नसतो, तेव्हा भरून झाली की सावलीत ठेवा.