दार न उघडणारी माणसं

माझ्या पहिल्यावहिल्या सर्वेक्षणात प्रश्न होता, 'तुम्हाला रोज मोकळा वेळ मिळतो का?' बहुतेकांनी 'हो' म्हटलं. मी खूश. मग वरिष्ठ बाईंनी वयाचा रकाना चाळला आणि विचारलं, "दारं कधी वाजवलीस?" सकाळी ११ ते दुपारी ४. म्हणजे मोकळा वेळ असलेलीच माणसं मला घरी सापडली होती!

मला वाटलं, आणखी पाचशे फॉर्म भरून घेऊ. छे. त्याच वेळेला दारं वाजवली तर चूक तशीच राहते, वाढतो तो फक्त आपला आत्मविश्वास. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने मतचाचणीसाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज होता रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले, तेही मंदीच्या काळात, म्हणजे बहुतेक खात्यापित्या घरांचेच. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारे वेगळेच. (मला हीच गळती जास्त छळते. यादी सुधारता येते, गप्प बसलेल्यांचं काय करायचं?)

आता टक्केवारी काढण्याआधी मी वय, लिंग, शिक्षण जनगणनेशी ताडून बघते. भारांक देऊन, म्हणजे कमी सापडलेल्या गटाची उत्तरं जास्त वजनाने मोजून, थोडं सावरता येतं. पण नमुन्यात रात्रपाळीचा एकही माणूस नसेल तर भारांक देणार कुणाला? म्हणून बंद दारांची नोंद ठेवते, संध्याकाळी पुन्हा जाते.

त्या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत एक बाई दारातूनच म्हणाल्या, "वेळ नाही." शेऱ्याच्या रकान्यात तेवढंच लिहिलं.