पुढचा अ‍ॅक्सल: हलका, पण मोडणारा नको

आजचा सगळा दिवस फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकांमधल्या हौसिंगच्या (शाफ्ट आणि गिअर ज्यात बसतात त्या कवचाच्या) वेल्डिंगमध्ये गेला. वजन कमी करायचं म्हणून लोक आधी ट्यूबची जाडी कापतात. व्यास वाढवायचं मात्र सुचत नाही. 64 मिमी व्यास आणि 8 मिमी जाडीच्या ट्यूबपेक्षा 76 मिमी व्यासाची 6 मिमीची ट्यूब मीटरमागे सुमारे 0.7 किलोने हलकी, आणि वाकण्याला सुमारे 45 टक्के जास्त ताठ. वर ट्रस (ट्यूबला बळ देणारा सांगाडा) असेल तर आणखी जाड ट्यूब म्हणजे नुसतं ओझं.

खरी कसोटी बिडाच्या मधल्या भागाला (जिथे डिफरन्शियलचे गिअर बसतात) स्टीलची ट्यूब जोडताना. आधी 200 ते 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, निकेल रॉड वापरायचा, 25-30 मिमीचे टाके समोरासमोर घालायचे आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली की टाक्याशेजारी बारीक तडा जातो, कधीकधी रात्री ‘टक्’ असा आवाजही येतो! ट्रसचं वेल्डिंग तर ट्यूब हमखास वाकवतं. म्हणून आत अलाइनमेंट बार (ट्यूब सरळ आहे ना ते दाखवणारा दांडा) ठेवूनच काम करा. वाकडी ट्यूब ऑइल सील आणि स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) खाते.

शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) 4340 क्रोमोलीचे, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाचे घ्या, इथे काटकसर नको. पूर्ण वळवलेल्या चाकावर ॲक्सिलरेटर दाबला की पहिला बळी क्रॉसचा (शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याचा) जातो: त्याच्या टोकाचा बेअरिंग कप सरकतो, यॉकचे (त्याला धरणाऱ्या काट्याचे) कान उघडतात. फुल-सर्कल क्लिप (कप जागेवर धरणारी पूर्ण गोल कडी) लावा आणि स्टिअरिंग स्टॉप (चाकाचं वळणं रोखणारा अडसर) जॉइंट अडकण्याआधी टेकेल असा बसवा.

नकलचे (चाकासोबत वळणाऱ्या भागाचे) सी-ब्रॅकेट (ट्यूबच्या टोकाचे C आकाराचे आधार) शेवटी वेल्ड करा. आधी पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये ताकद आणणाऱ्या गिअरचा) कोन, मग 5-6 अंश कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल). उलट केलंत तर दोन्ही एकदम जुळणार नाहीत.